चिकटलेलं आणि विणलेलं

मंगळवार, ४

आज माझं टेबल खिडकीपाशी हलवलं. विचारलं नाही, सांगितलं. "सर, तिथे उजेड चांगला आहे. तुमच्या डोळ्यांना बरं पडेल."

हे सांगणारी आमची नवी विभागप्रमुख. काही वर्षांपूर्वी हीच मुलगी याच प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली नळ्या धूत होती, आणि नीट धुतल्या नाहीत म्हणून मी तिला त्या पुन्हा धुवायला लावत होतो. मग ती परदेशी गेली, तिकडून एक मोठी पदवी आणि एक चकचकीत पाण्याची बाटली घेऊन परत आली, आणि आता मला उजेड दाखवते. या वहीत मी तिला विदुषी म्हणणार आहे. तोंडावर म्हणता येत नाही, ही नोकरीची मर्यादा.

वही सुरू करण्याचं कारणही तीच. सकाळी देवापुढे बसलो की नामाच्या मध्येच जळजळ वर येते, आणि देवाला रोज तेच गाऱ्हाणं ऐकवणं बरं दिसत नाही. त्याला इतरही ऐकायचं असतं. म्हणून हे इथे.

खिडकीपाशी उजेड खरोखरच चांगला आहे. त्यामुळे आणखी राग आला.

गुरुवार, ६

आज मोठ्या साहेबांपुढे बैठक झाली. मोठे साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. त्यांना विज्ञानातलं कळतं, पण फक्त चित्रातलं. त्यांच्या उजव्या हाताला उपसंचालक बसतात. साहेबांची मान हलली की पाठोपाठ यांची हलते. सगळी संस्था त्यांना होयबा म्हणते, मी एकटाच म्हणतो असं नाही.

काय चाललंय ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच पटेल की मी शहाणा होतो.

आमचा एक निरुपद्रवी जिवाणू आहे. अन्न संपलं की तो पोटात एक बी धरतो, त्याला बीजाणू म्हणतात. बाहेरची आईपेशी त्या बीभोवती थरावर थर कवच विणते, आणि विणून झालं की स्वतः फुटून जाते. मागे राहतो बीजाणू. तो उन्हाला, आम्लाला, उपासमारीला भीत नाही. मी इतकी वर्षं हे पाहतो आहे, तरी ती आईपेशी फुटते तेव्हा मनात हात जोडले जातात. हे मी कुणाला सांगत नाही. विदुषीला सांगितलं तर ती म्हणेल, "इंटरेस्टिंग, सर."

तर या कवचावर रोगजंतूचं एक प्रथिन बसवायचं, कवचातल्याच एका प्रथिनाला जोडून. बीजाणू कोंबडीच्या पिल्लांना पाण्यातून पाजायचे, म्हणजे पिल्लाच्या शरीराला शत्रूचा चेहरा आधीच ओळखीचा होतो. आतड्याचा जो रोग शेडच्या शेड रिकाम्या करतो, त्याच्यावर हा उपाय. सगळी गोम वेळेत आहे. जनुकाच्या आधी एक छोटा तुकडा असतो, प्रमोटर. प्रथिन केव्हा आणि किती बनवायचं हे तो ठरवतो. जो प्रमोटर दिवसरात्र चालू असतो तो ढिगाने प्रथिन बनवतो, पण कवच विणायला घेण्याआधीच त्याचा निम्मा ढीग कुजतो. मी शोधलेला प्रमोटर उशिरा जागा होतो, नेमका आईपेशी कवच विणायला बसते तेव्हा. तो शोधण्यात माझे केस गेले. उरलेले पिकले.

साहेबांनी आज जाहीर केलं, की शेडमधल्या चाचणीला एकच वाण, म्हणजे असा बदललेला एकच जिवाणू, जाईल. माझा किंवा विदुषीचा. ज्याचा निवडला जाईल त्याचं काम पुढे चालणार, दुसऱ्याचं शीतपेटीत जाऊन बसणार. निर्णय चोवीस तारखेला.

विदुषी बोलायला उठली. "सरांनी जो पाया घातला..." अशी सुरुवात केली आणि माझं लक्ष तिथेच उडालं. पायाची स्तुती करणारे लोक पुढे त्याच्यावर पाय ठेवूनच उभे राहतात. खिडकीबाहेर दोन माणसं एका शिडीवरून भांडत होती, ती पाहत बसलो. तिचं काय चाललंय हे मला ऐकायची गरज नाही. परदेशात तिच्या प्रयोगशाळेत सगळे तो दिवसरात्र चालू असलेला प्रमोटर वापरायचे. जोरात चालतो म्हणजे चांगला चालतो, असं समजणाऱ्यांचा तो देश.

मग चित्रं लागली. प्रथिन जिथे असेल तिथे हिरवा प्रकाश दिसतो. तिच्या बीजाणूंभोवती अगदी फिकट कडी, नजर ताणून पाहावी लागेल अशी. माझ्या बीजाणूंभोवती लखलखीत हिरवी वलयं! होयबा म्हणाले, "वा सर, झगमगाट!" साहेबांची मान त्यानंतर हलली. पहिल्यांदाच क्रम उलटा झाला.

बाहेर पडताना विदुषी जिन्यात गाठून हळूच म्हणाली, "सर, तुमच्या वाणाला मोठी धुलाई दिली का?"

मोठी धुलाई म्हणजे तीव्र क्षारांच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं. कवचात विणलेलं प्रथिन त्याला दाद देत नाही. नुसतं वरून चिकटलेलं असेल तर निघून जातं. ही गोष्ट तिला मी शिकवली. आता तीच मला विचारते!

म्हटलं, "मोठी धुलाई संशयी कामाला असते. मी साध्या पाण्याने धुतो."

"हो सर," म्हणाली आणि गेली. सगळ्यांसमोर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून जिन्यात.

रविवार, ९

सकाळी दादाचा फोन. दादा माझा थोरला भाऊ, गावी कोंबड्या पाळतो. चाचणीसाठी ज्या शेड घेतल्या आहेत त्यातली एक त्याची. त्याने आपणहून दिली, माझ्या भरवशावर.

"काय सायंटिस्ट, झाले का तुझ्या किड्यांचे कोट शिवून?"

"किडे नाहीत दादा, जिवाणू."

"तेच ते. लवकर शिव बाबा. शेजारच्या शेडमध्ये परवा रोग शिरला. सकाळी दार उघडलं तर अर्धी पिल्लं आडवी. त्याची बायको दारातच मटकन बसली. मी नवी पिल्लं आणायची थांबलोय, तुझं औषध आलं की आणतो."

"येईल. माझाच वाण येणार आहे, ठरल्यात जमा आहे."

"तुझा नाहीतर कुणाचा? गुरुजी म्हणायचेच, हा पोरगा हळू चालतो पण गणित चुकत नाही."

आमच्या शाळेत चारही वर्ग एकाच खोलीत बसत, गुरुजी एकच. मी आजही चारही बाजूंनी ऐकू शकतो, ते तिथलंच शिक्षण. विदुषीच्या शाळेत प्रत्येक मुलाला स्वतंत्र कपाट होतं म्हणे. कपाटं चांगली होती, एवढं दिसतं.

बुधवार, १२

आज टेबलावर एक बाटली. आत मोठ्या धुलाईचं द्रावण, ताजं, वर तारीख घालून. विदुषीने ठेवली. "जास्तीचं केलं होतं, सर. वाया जाईल." वाया जाईल म्हणे! या बाईने आयुष्यात कधी काही जास्तीचं केलेलं मी पाहिलेलं नाही. मोजूनच हसते.

खिडकीतून वारा येतो आणि कागद उडतात. बाटली त्यांच्यावर ठेवली. जड आहे, छान बसली.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुमची विद्यार्थिनी येऊन गेली. चहा घेतला, काकू काकू करत अर्धा तास बसली."

"कशाला आली होती?"

"सहजच. विचारत होती, सर हल्ली जेवतात का नीट, झोपतात का."

"हेरगिरी!"

"तुम्ही काय खाता ते कळल्यावर तिचं कोणतं राज्य जिंकून होणार आहे?"

"तुला नाही कळायचं. शत्रूची अंगकाठी आधी बघून ठेवतात."

"अंगकाठी बघायला घरी कशाला यावं लागतंय, लांबूनही दिसते." असं म्हणून हसत आत गेली. आमच्या घरात माझी बाजू घेणारं तसं कुणी नाही. देव आहे, पण तो बोलत नाही.

सोमवार, १७

आज साहेबांनी बोलावून घेतलं. होयबा होतेच. माझं चित्र साहेबांनी मोठं करून भिंतीवर लावलं आहे. एखाद्याच्या मुलाचा लग्नातला फोटो लावावा तसं.

"तुमच्याच वाणाकडे कल आहे," साहेब म्हणाले. "चमक बोलते."

"चमक बोलते," होयबा म्हणाले.

विदुषीलाही बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, "तुमची काही हरकत?" मला वाटलं आता उसळेल. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "सरांच्या सगळ्या तपासण्या झाल्या की माझी काहीच हरकत नाही."

पाहा! हरकत नाही म्हणताना हरकत घेतली. आणि धुलाईचं नाव काढलं नाही. वाण फिका, तसा सूरही फिका. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सर, चोवीस तारखेला अजून वेळ आहे." मी म्हटलं, "कुणाला?"

शुक्रवार, २१

आज एक विचार सुचला आणि दिवसभर त्याच्या गोडीत होतो. मोठी धुलाई करायचीच. पण माझ्या एकट्याच्या वाणाला नाही, दोन्ही वाणांना, शेजारी शेजारी. माझं वलय तसंच राहणार, तिची ती फिकट कडी दिवसरात्रवाल्या प्रमोटरच्या सांडलवंडीची, पहिल्या पाण्यातच निघून जाणार. सोमवारी दोन चित्रं साहेबांपुढे ठेवायची. एकात हिरवा झगमगाट, दुसरं काळं. एक शब्द बोलायचा नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाने कधीतरी पुढे येऊन फळ्यावरचं गणित सोडवावं, तसं गुपचूप सोडवून परत जागेवर बसायचं.

तिच्याकडे तिच्या वाणाची नळी मागितली. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल. "न्या ना सर," म्हणाली, आणि स्वतः शीतपेटी उघडून दिली. तोंडावर हसू. हरणाऱ्या माणसाने इतकं हसू नये, शोभत नाही.

निघण्यापूर्वी दोन मिनिटं डोळे मिटून बसलो. म्हटलं, देवा, खरं काय ते दिसू दे.

शनिवार, २२

माझं काळं झालं.

तिचं जसंच्या तसं आहे.

शनिवार, २२, पुन्हा

वर दोनच ओळी लिहून वही मिटली होती. पूर्ण लिहायला हवं.

आज सुट्टी, प्रयोगशाळेत मी एकटाच. तिच्या बाटलीतल्या द्रावणाने दोन्ही धुतले. मायक्रोस्कोपखाली आधी तिचे पाहिले. कडी फिकटच, पण होती. मग माझे पाहिले. बीजाणू सगळे जागेवर, टपोरे, निरोगी, आणि अंगावर काही नाही. जणू कुणी रात्रीतून वलयं पुसून नेली.

पहिला विचार आला तो लिहितो, कारण ही वही खोटं लिहायला घेतलेली नाही. पहिला विचार आला, की तिने बाटलीत काहीतरी मिसळलंय. मी, देवाचं नाव घेणारा माणूस, बाटलीचं बूच काढून वास घेत उभा राहिलो! मग स्वतः नवं द्रावण केलं, स्वतःच्या हाताने, जसं तिला शिकवलं होतं तसं. पुन्हा धुतलं. माझं पुन्हा काळं. तिचं पुन्हा तसंच. धुतलेलं पाणी तपासलं, तर सगळं हिरवं त्यात उतरलेलं.

आता कळतंय. माझ्या वाणात प्रथिन वेळेवर बनतं, खूप बनतं, पण कवचात गुंफलंच जात नाही. मी ज्या कवच-प्रथिनाला ते जोडलं, ती जोडणी विणण्याआधीच तुटत असणार. आईपेशी फुटली की ते सगळं बाहेर सांडतं, आणि बीजाणू मुळात चिकट, त्याला वरून लागतं. साधं पाणी ते काढत नाही, म्हणून मला इतके दिवस कळलं नाही. पिल्लाच्या पोटातलं आम्ल ते पहिल्या फटक्यात काढेल. आतड्यापर्यंत पोचेल तो नागडा बीजाणू. शत्रूचा चेहरा वाटेतच गळून पडलेला.

साध्या पाण्याने धुतो म्हणे! काय रुबाबात म्हणालो होतो जिन्यात.

रविवार, २३

कुणाला माहीत नाही. हे वाक्य सकाळपासून डोक्यात आहे. चित्र भिंतीवर लागलंय, साहेबांचा कल ठरलाय, धुतलेलं पाणी मी ओतून दिलं आहे. चाचणी फसली तर कारणं शंभर देता येतात. पिल्लं अशक्त होती, पाणी गरम होतं, रोग जबर होता. विज्ञानात कारणांना तोटा नसतो, मी स्वतः कितीकांची अशी कारणं ऐकून नाक मुरडलं आहे.

दादाचा फोन आला. मी उचलला नाही. बायकोने उचलला. "हो हो भावजी, सोमवारी ठरतंय. हे इथेच आहेत, देवापुढे बसलेत." मी बसलो होतो खरा. पण नाम घेत नव्हतो, कारणं जमवत होतो.

जेवताना बायको म्हणाली, "अहो, काय झालंय? घास गिळताय की औषध?"

"काही नाही."

"दादा विचारत होते, पिल्लं सांगून ठेवू का. मी म्हटलं ठेवा, हे म्हणालेत ना."

तिच्याकडे पाहिलं. ती ताटात भात वाढत होती, काही सुचवत वगैरे नव्हती. सुचवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

परवा मी देवाकडे मागितलं होतं, खरं काय ते दिसू दे. मागताना मनात तिचा काळा चौकोन होता. देवाने शब्द ऐकले, मन सोडून दिलं. की उलट? कळत नाही. माझ्या प्रार्थनेची मोठी धुलाई केली तर त्यात काय उरेल, याचा हिशोब मी आज मांडत नाही.

सोमवार, २४

बैठकीत मी आधी उभा राहिलो. दोन चित्रं लावली.

साहेब म्हणाले, "वा. हे काळं म्हणजे यांचं?"

"नाही साहेब. हे काळं माझं. फिकट कडी आहे ती यांची."

होयबांची मान अर्ध्यावर थांबली. कोणत्या दिशेला न्यायची ते कळेना.

"पण तुमचं तर झगमगत होतं!"

"वरून चिकटलेलं होतं. धुतल्यावर गेलं. यांचं कवचात विणलेलं आहे, ते गेलं नाही. शेडमध्ये यांचाच वाण जायला हवा." हे वाक्य मी घरी पाठ करून गेलो होतो, तरी शेवटच्या शब्दावर अडखळलो. मग खोकल्यासारखं केलं. फसलं असणार.

साहेबांनी भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे पाहिलं. आता ते उतरवायचं कोणी, असा त्यांचा चेहरा होता.

मला वाटलं संपलं. पण खाली बसता बसता माझ्यातल्या खोडसाळपणाने डोकं वर काढलंच. हरलेल्या माणसाला निदान एक टोमणा तरी हवा असतो. विदुषीला म्हटलं, "दिवसरात्र चालणाऱ्या प्रमोटरवर एवढी घट्ट वीण बसली, म्हणजे कमालच."

ती गोंधळली. "कोणता दिवसरात्र चालणारा? सर, तो प्रमोटर तुमचाच आहे."

"माझा?"

"उशिरा जागा होणारा. पहिल्याच बैठकीत सांगितलं की मी, सुरुवातीलाच. तुम्ही माझ्यासमोर तर बसला होतात. मी फक्त जोडणी बदलली, अगदी बाहेरच्या थरातल्या प्रथिनाला जोडलं. वेळ तुमचीच आहे. दुसऱ्या कुठल्या वेळेवर ते बसतच नाही, मी परदेशात दोन वर्षं बसवून पाहिलं."

शिडीवरून भांडणारी ती दोन माणसं मला आठवली. कोण जिंकलं होतं तेही मी पाहिलं नव्हतं.

बैठकीनंतर जिन्यात तिला गाठलं. या वेळी मी.

"तुला माहीत होतं, माझं चिकटलेलं आहे?"

"अंदाज होता, सर. एवढी चमक विणलेल्याची नसते."

"मग साहेबांपुढे का नाही बोललीस? तुझ्याच वाणाचा फायदा होता."

"तुम्ही धुवाल हे माहीत होतं."

मी कशासाठी धुतलं हे तिला सांगावं असं एकदा ओठांवर आलं. सांगितलं नाही. तिचा माझ्याबद्दलचा हा एक गैरसमज राहिला तर राहू दे. बाकीचे सगळे दूर झालेत असं दिसतंय.

दादाला फोन केला. म्हटलं, औषध येतंय, पण ते माझं नाही, माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे.

"चालेल का पण?"

"चालेल."

"तू सांगतोस ना? मग झालं." आणि तो पिल्लांच्या खोक्यांबद्दल बोलायला लागला. माणसाच्या आयुष्याची उलथापालथ एका वाक्यात झटकून खोक्यांवर जायला दादालाच जमतं.

गुरुवार, २७

माझा वाण शीतपेटीत सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला. मागे, भिंतीला लागून. मला ती जागा पूर्वीपासून आवडते.

शेडसाठी बीजाणूंची पहिली मोठी खेप आज तयार झाली. विदुषी ती घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "सर, हिची मोठी धुलाई तुम्ही कराल? माझा हात तुमच्यासारखा बसलेला नाही."

खोटं बोलते. हात चांगला बसलाय तिचा. मीच बसवला होता, नळ्या परत परत धुवायला लावून.

"ठेव," म्हटलं. "पण निघालं तर निघालं म्हणून सांगेन. सगळ्यांसमोर. जिन्यात नाही."

"हो सर," म्हणाली. मोजल्यापेक्षा थोडं जास्त हसली.

कागदांवरची तिची बाटली उचलली आणि वापरली. खिडकीतला उजेड अशा कामाला खरंच बरा पडतो, हे तिला सांगण्याची काही गरज नाही. तीनदा धुतलं. मनापासून खोट शोधली, दोष सापडावा म्हणून पाण्याच्या थेंबाथेंबात पाहिलं. पाणी स्वच्छ. कडी तशीच, फिकट, हट्टी.

उद्या पुन्हा धुऊन बघतो.